शंकेची खूण

मी एक जुनी फाईल आहे. लाल फितीत बांधलेली, कपाटात धूळ खाणारी ती नव्हे, मित्रांनो! मी संगणकातली, भाषांतराची फाईल. माझ्यात वरच्या ओळीला इंग्रजी वाक्य आणि खालच्या ओळीला त्याचे मराठी. मला एकदा निकामी ठरवले होते, म्हणून आज मी गप्प बसणार नाही.

रायपूर तेव्हा नुकतेच छत्तीसगडची राजधानी झाले होते. समता कॉलनीतल्या एका दवाखान्याने नोंदणीच्या खिडकीत रुग्णांकडे तोंड केलेला संगणकाचा पडदा बसवला. काय दुखते ते रुग्णाने त्यावर बोटाने दाखवायचे. हिंदी तयार होते. मराठीचे काम दीपमालाने मागून घेतले. ती रेल्वेतून निवृत्त झालेल्या गुलाबरावांची मुलगी, तात्यापारा भागातल्या एका छोट्या ऑफिसात संगणकावर काम करायची. आईच्या तोंडचे शब्द घालून तिने मला घडवले.

पण तिला सारखे वाटे, आपली मराठी म्हणजे अर्धी हिंदी. ओळखीतले यज्ञेश्वरकाका भाषेचे जाणकार. त्यांनी तपासेपर्यंत काही पक्के धरायचे नाही म्हणून तिने माझ्या प्रत्येक वाक्यावर शंकेची खूण ठेवली. काका 'बघतो, बघतो' म्हणत आणि काही बघत नसत.

आता नीट ऐका. मी आहे तशी यंत्राला वाचता येत नाही. संगणकावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत एक हुकूम टाइप करावा लागतो. मग माझ्यातून यंत्राला कळेल अशी दुसरी फाईल तयार होते. हा हुकूम भारी कडक. शंकेची खूण दिसली की ते वाक्य तो सरळ गाळतो आणि त्याच्या जागी मूळ इंग्रजीच राहते. दीपमालाने हुकूम दिला, फाईल तयार झाली आणि पडद्यावर सगळे इंग्रजीच!

दवाखान्याचा व्यवस्थापक पराग म्हणाला, "दीदी, हिंदी तं इथं सगळ्यायलेच समजते. संध्याकाळपर्यंत मराठी नाही चालली, तर हटा देंगे."

माझे डोकेच फिरले. मला चालू दिले कोणी? तोंडात सगळे शब्द भरून बसले होते मी!

दीपमाला ऑफिसात परतली. काय घेतले नि काय गाळले, असे तिने हुकमाला विचारले. उत्तर आले, पक्के एकही नाही, सगळे शंकेचे. डबा घेऊन आलेल्या गुलाबरावांनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला.

"काय झालं वं?"

"बाबा, काकांनी पाह्यलंच नाही. माझ्या मनानं कसं पक्कं करू?"

"मायच्या बोलीले काकाची सही काहून लागते? घरी आपण बोलून राहिलो, ते का खोटं हाये?"

दीपमालाने मला पुन्हा उघडले. मग तिने एकेक खूण पुसली, पुन्हा हुकूम दिला आणि तयार झालेली फाईल दवाखान्याच्या यंत्रात घातली.

संध्याकाळी पंडरी भागातून आलेल्या कमलाबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. 'गुडघा ठणकतो' या ओळीवर बोट टेकवून मोठ्यांदा म्हणाल्या, "हेच! दर्द, दर्द सांगून थकली मी. हेच होऊन राहिलं मले!"

पराग म्हणाला, "ठीक है, राहू द्या."

पुढे नवी यंत्रे आली आणि मी एका जुन्या डिस्कवर विसरली गेले. तरी माझे एक अक्षरही विरलेले नाही. मित्रांनो, माझ्यात चूक सापडली तर खुशाल दुरुस्त करा, नवे शब्द घाला, मला जपा. पण कोणी येऊन पसंत करील म्हणून स्वतःच्या बोलीवर ती खूण ठेवू नका. तुम्ही खूण ठेवलीत की गाळणारे तयारच असतात.