डिस्क नाही

“ताई, फाइल नुसती डिस्कवर टाकून भागत नाही. आधी ती डीव्हीडीच्या साच्यात बदलून घ्यावी लागते. आणि ज्या प्लेयरवर लावायची, त्याच्यावर एकदा लावून बघा, मगच निर्धास्त व्हा.” कोऱ्या डिस्क विकणाऱ्या दुकानदाराने आमच्या ताईला असं बजावलं होतं. ताईच्या कडेवर दीड वर्षाची लेक होती आणि ती काउंटरवरच्या वायरी ओढत होती. ताई घाईने म्हणाली, “अहो भाऊ, कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेय मी. येतं मला.” आणि तिने पाठ फिरवली.

मित्रांनो, तो प्लेयर म्हणजे मी. सोळा वर्षांचा, काळा, चपटा, उजव्या कोपऱ्यावर टवका उडालेला. दुकानातलं हे बोलणं मला फार उशिरा कळलं. पण आधी कळलं असतं तरी मी वेगळा वागलो असतो, असं छातीठोकपणे सांगवत नाही. कारण मला सूड घ्यायचा होता.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. कुणी माझ्या पोटात मोटर बसवली, कुणी इवलंसं भिंग बसवलं. त्या भिंगातून लाल किरण निघतो आणि फिरत्या चकतीवरची अक्षरं मी त्याने वाचतो. मला खोक्यातून काढलं ते बाबांनी. बाबा बुकबाइंडर. फाटक्या पुस्तकांची पानं सुईदोऱ्याने शिवायची, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा, हा त्यांचा धंदा. त्या दिवशी ते मला इतक्या जपून टेबलावर ठेवत होते की आई हसून म्हणाली, “अहो, प्लेयर आहे तो, बाळ नव्हे!” ताई तेव्हा बारा वर्षांची होती. शेजारपाजारची सगळी पोरं माझ्यासमोर फतकल मारून बसायची. “ताईकडचा प्लेयर” म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग दिवस फिरले. ताई शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. आई वारली. माझ्या डोक्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग औषधांचा डबा. एकदा खोकल्याचं औषध सांडलं आणि माझ्या फटीतून आत ओघळलं. कुणी पुसलंसुद्धा नाही. हे सगळं मी गिळलं. पण एकदा माहेरी आलेली ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबा, हे डबडं काढा ना आता! नुसती धूळ खातंय.”

डबडं! जिच्यासाठी मी तेच कार्टून दिवसातून चार वेळा फिरवलं, ती हे म्हणाली. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली. कधीतरी हिला माझी गरज पडेल. तेव्हा बघून घेईन.

गरज पडली. बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय हळूहळू सावरला, पण उजवा हात मुठीत आवळून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई दहा दिवस घरी आल्या. जाताना त्यांनी पाच व्यायाम ताईच्या फोनवर चित्रित करून दिले. “पहिले तीन महिने महत्त्वाचे,” त्या म्हणाल्या. “रोज दोनदा झालेच पाहिजेत. हात गोठला तर पुढे फार जड जाईल.”

ताईला बाळाला घेऊन परतावं लागणार होतं. ती बाबांना फोन द्यायला निघाली, पण डाव्या अंगठ्याने त्यांना तो पडदा सरकवता येईना. चित्र लावायला जावं तर फोन भलत्यालाच लागायचा. बाबा चिडले. “मला नको तुझा तो गुळगुळीत आरसा. प्लेयरवर लागेल असं काहीतरी दे. रिमोटची बटणं हाताला कळतात तरी.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावरचा डबा उचलला. मी मनात म्हटलं, या, बाईसाहेब.

आठवड्याभरात टपालाने डिस्क आली. शेजारच्या काकूंनी पाकीट फोडून दिलं आणि त्या घाईत गेल्या. बाबांनी डाव्या हाताने चकती कशीबशी माझ्या ट्रेमध्ये बसवली. मी ती आत घेतली, फिरवली, वाचली आणि मला हसूच फुटलं. ताईने फोनमधल्या फाइली जशाच्या तशा डिस्कवर ढकलल्या होत्या! तिच्या लॅपटॉपवर त्या चालल्या म्हणून तिने पाकीट चिकटवून टाकलं होतं. मित्रांनो, लॅपटॉपला पन्नास भाषा येतात. मला एकच येते, डीव्हीडीची.

पण ऐका, माझा गुन्हा इथेच आहे. आतली चित्रं मला लावता येत नव्हती हे खरं. तरी त्या पाच फाइलींची नावं दाखवून, “हा प्रकार चालत नाही,” असं टीव्हीच्या पडद्यावर लिहिणं माझ्या हातात होतं. मी ते लिहिलं नाही. मी दोनच शब्द लिहिले: “डिस्क नाही.”

बाबांनी चष्मा वर केला. चकती काढली, बनियनला पुसली, पुन्हा लावली. डिस्क नाही. उलटी लावली, सुलटी लावली. एकदा ती डाव्या बोटांतून निसटून कॉटखाली गेली. ती काढायला त्यांना छत्रीची मूठ वापरावी लागली आणि पंधरा मिनिटं धाप लागली. पुन्हा लावली. डिस्क नाही. “माझंच काहीतरी चुकतंय,” ते पुटपुटले. “एक चकती बसवता येत नाही.” मी आत खूश होतो. भोगू दे ताईला, म्हणत होतो. समोर कोण भोगतंय, तिकडे मी बघितलंच नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी डिस्क वर्तमानपत्रांखाली सरकवली. संध्याकाळी घरातल्या जुन्या, बटणांच्या फोनवर ताईचा फोन आला.

“बाबा, चालते ना डिस्क?”

“हो, हो. झकास चालते.”

“कितव्या व्यायामापर्यंत आलात?”

“तिसऱ्या.”

“शहाणे माझे बाबा!”

बाबांनी फोन ठेवला आणि उजवी मूठ चादरीखाली लपवली. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

असे पाच आठवडे गेले. मग ताई लेकीला घेऊन आली. नातीने दारातूनच धाव घेतली आणि हातातला चेंडू आजोबांच्या उजव्या हातात कोंबायला लागली. मूठ उघडेना. तिने एकेक बोट ओढलं. बोटं लाकडासारखी.

ताईचा चेहरा उतरला. “बाबा, रोज करता ना?”

“करतो म्हटलं ना!”

“मग हे काय? खरं सांगा.”

“नाही करत!” बाबा ओरडले. “मला ती चकती लावता येत नाही. झालं समाधान? बाप निकामी झालाय तुझा.”

ताईने वर्तमानपत्रांखालची डिस्क शोधून मला लावली. मी सवयीने लिहिलं: डिस्क नाही. तिने मला दोन्ही हातांनी उचललं. “हे डबडं! आजच्या आज भंगारात घालते.”

“ठेव त्याला खाली,” बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. “त्याचा काय दोष? सोळा वर्षांत त्याने मला कधी फसवलं नाही. माझा हातच गेलाय.”

मित्रांनो, ताईने मला आपटलं असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसाला मी फसवलं, तोच माझी बाजू घेत होता.

ताईने मला खाली ठेवलं आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी मी सगळं लिहिलं. पाच फाइलींची पाच नावं, आणि खाली: हा प्रकार चालत नाही.

ती वाचत राहिली. मग बाबांच्या पायाशी बसली. “बाबा, तुमचा हात नाही चुकला. मी चुकले. फाइली तशाच ढकलल्या मी. दुकानदार सांगत होता, मी ऐकलं नाही.” आणि तिने रडत रडत दुकानातलं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप माझ्या शेजारीच मांडला. आधी सगळ्या फाइली डीव्हीडीच्या साच्यात बदलून घेतल्या. या कामाला दोन तास लागले. तेवढ्या वेळात लेक दोनदा टेबलाखाली गेली आणि एकदा लॅपटॉपचा प्लग काढून आली; बॅटरी मेलेली, की पुन्हा पहिल्यापासून! मग ताईने पडद्यावर एक ते पाच असे मोठे आकडे मांडले, म्हणजे रिमोटवर तोच आकडा दाबला की तोच व्यायाम. डिस्क सावकाश वेगाने लिहू दिली. शेवटी डिस्कवर आणखी काही लिहिता येऊ नये म्हणून ती बंद करण्याचा टप्पा येतो, तो झाल्याशिवाय माझ्यासारख्या परक्या प्लेयरला ती नीट वाचता येत नाही. तोही तिने मध्ये हात न लावता पुरा होऊ दिला, नुसती बघत बसली. मग चकती बाबांच्या डाव्या हातात दिली.

“तुम्हीच लावा.”

बाबांनी लावली. एक दाबलं. मी जीव ओतून ते चित्र दाखवलं.

या गोष्टीला आता सात महिने झाले. बाबांचा अंगठा पहिल्या बोटाला टेकतो. कप उचलतात. सुई अजून धरता येत नाही. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, ते पाच आठवडे गेले नसते तर कदाचित धरता आली असती. ‘कदाचित’ हा शब्द मी रोज दोनदा फिरवतो. ताईचं “डबडं” मी अजून विसरलेलो नाही. पण तिच्यावर उगवायला निघालेला माझा सूड एका म्हाताऱ्या हातात रुतला, हेही विसरता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणीतरी एकटं राहत असेल. आत्या असेल, आजोबा असतील, वरच्या मजल्यावरच्या बाई असतील. त्यांना कुणीतरी काहीतरी करून दिलेलं असेल, डिस्क, फोन, ऐकू येण्याचं यंत्र. आज त्यांच्याकडे जा. “चालतंय ना?” असं विचारू नका, ते हो म्हणतील. शेजारी बसा आणि म्हणा, “माझ्यासमोर लावून दाखवा.”