माझ्या साक्षीतली आई

लेकीला, हॅटीला, नुकतं पाळण्यात ठेवलं होतं, तेवढ्यात क्विंटनचा फोन आला. मी मोज्यांवरच धावत जाऊन तो उचलला.

"डेलिया! ओळखलंस का या म्हाताऱ्याला?"

"छत्तीसचा आहेस तू, क्विंटन."

"एकदा माझे केस बघून जा, मग बोल."

आमच्या बँडला, जेरिको लाऊडला, पंधरा वर्षं होतायत, म्हणाला. एक पुस्तक काढायचं, सोबत जुन्या गाण्यांची सीडी. आधीचे-नंतरचे जेवढे गाणारे-वाजवणारे होते त्या सगळ्यांनी आपापली दोन पानं लिहायची. "तुझ्याकडून काय हवंय ते तुला माहीतच आहे. तुझी आई वेदीपर्यंत चालत आली ती संध्याकाळ. त्याशिवाय आपला इतिहास म्हणजे नुसता ढणढणाट."

"बघते," मी म्हणाले. "हॅटी उठली बहुतेक."

हॅटी गाढ झोपली होती.

जेरिको लाऊड सुरू झालं क्विंटनच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये. क्विंटन रॅप करायचा, लायल गिटार बडवायचा, आणि ड्रम वाजवणारा दर सहा महिन्यांनी बदलायचा. टेनेसीच्या आमच्या डोंगरांत तेव्हा चर्चमध्ये ड्रम आणायचा म्हणजे भांडणाची तयारी ठेवूनच. एका चर्चच्या वडीलधाऱ्यांनी अट घातली, वाजवा, पण दिसता कामा नये. मग ड्रमपुढे चादर टांगून आम्ही कार्यक्रम केला. दुसऱ्या एका गावी एक आजोबा मध्येच उठून म्हणाले, "ही पोरं गातायत की भांडतायत?" क्विंटन माईकवरूनच म्हणाला, "सैतानाशी भांडतोय, आजोबा!" आजोबा खाली बसले, आणि पुढचं गाणं संपेपर्यंत त्यांचा पाय ठेका धरत होता.

रॅपच्या मध्ये धृपद गायला त्यांना मुलगी हवी होती, म्हणून सोळाव्या वर्षी मी त्यांच्यात गेले. वर्षभरात आमचं एक गाणं रेडिओवर लागायला लागलं. उन्हाळी शिबिरांत पोरं शेकोटीभोवती ते घसा फोडून म्हणायची. व्हॅन जाऊन बस आली.

पण गाणी म्हणजे सगळं नव्हतं. शेवटी दिवे मंद व्हायचे, पियानो हळू वाजायचा, आणि आमच्यातलं एक जण पुढे येऊन साक्ष द्यायचं. आपण कुठल्या चिखलात होतो, प्रभूने कसं उचललं. मग पोरांना पश्चात्ताप करायला वेदीकडे बोलवायचं. क्विंटनकडे चोरलेली मोटार होती आणि चार महिन्यांचा तुरुंग. लायलकडे नशेच्या गोळ्या होत्या. माझ्याकडे काय होतं? सहा वर्षांची असताना उन्हाळी बायबल शाळेत, एका हातात बिस्किट धरून मी येशूला हृदयात बोलावलं होतं. एवढंच. मी ते दोन गावांत सांगितलं. दोन्हीकडे पोरं चुळबुळत बसली, उठून कुणी आलं नाही.

"तुझी साक्ष खरी आहे गं," क्विंटन बसमध्ये म्हणाला, "पण फार कोरडी. जी बुडालीच नाही तिला प्रभूने काढायचं कुठून?"

लायल मागून ओरडला, "पुढच्या गावात हिला एखादी बँक लुटायला लावू!"

सगळे हसले. मीही हसले. पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे सांगण्यासारखं पाप नाही याची मला खरोखर लाज वाटली होती.

मग मला एक दुपार आठवली. मी सात वर्षांची. बाबा घर सोडून गेले होते आणि आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायची. त्या दिवशी आदल्या संध्याकाळची पाळीही तिच्या गळ्यात पडली होती. तिथून ती थेट मला घ्यायला बायबल शाळेवर आली, लवकर पोचली म्हणून चर्चच्या मागे सावलीत गाडी लावली, आणि तिथेच तिला झोप लागली. मी पुढच्या दाराशी. बारा वाजले, दोन वाजले, सगळी मुलं गेली. तीन वाजता आई एका पायात बूट नसलेली धावत आली, मला उराशी धरून रडली. घडलं ते एवढंच.

मी पहिल्यांदा ते असंच सांगितलं. आई झोपली, मी वाट बघितली, मला वाटलं येशू शेजारी येऊन बसलाय. अकरा मुलं वेदीपाशी आली.

बसमध्ये क्विंटनने विचारलं, "एवढी कशी झोपली गं? प्यायलेली होती का?"

मी नुसते खांदे उडवले.

पुढच्या गावी मी म्हणाले, आईच्या अंगाला वास यायचा. ते खरंच होतं. कारखान्याचा यायचा, क्लोरीनचा आणि पिसांचा. पण ऐकणाऱ्यांना कसला वाटणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या पुढच्या गावी शेजारच्या सीटवर बाटली आली. केंटकीत पोचेपर्यंत ती बाटली रिकामी झाली होती. आणि पोरं येत होती, रडत, एकमेकांना धरून. कुणाची आई खरंच पीत होती, कुणाचे वडील. ती माझ्या गळ्यात पडायची. मी त्यांना थोपटायचे, आणि त्या घटकेपुरतं मलाही ते खरं वाटायचं.

दोन वर्षांनी आमचा कार्यक्रम आमच्याच चर्चमध्ये ठरला. आईने सगळ्या बसला पुरेल एवढं केळ्यांचं पुडिंग केलं. मी क्विंटनला आधीच सांगून ठेवलं, "आज माझी साक्ष नको." तो म्हणाला, "बरं."

पण गावचीच माणसं ती. क्विंटनचे पराक्रम त्यांना तोंडपाठ होते. पियानो वाजत राहिला, कुणी जागचं हललं नाही. क्विंटनने मला बोलावलं नाही, हे मला स्वच्छ लिहायचं आहे. मीच उठले. दोन वर्षं पोरांना रडत येताना पाहायची सवय झाली होती, आणि ती रिकामी वेदी मला बघवेना.

आई तिसऱ्या बाकावर होती, निळ्या ड्रेसमध्ये, चर्चमधल्या तिच्या मैत्रिणीच्या, मिस इमोजीनच्या शेजारी. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या दारावरच्या दिव्याकडे बघत सगळं सांगितलं, बाटलीसकट.

माझं बोलणं संपलं तेव्हा कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. आई. तिने पर्स मिस इमोजीनच्या मांडीवर ठेवली, ड्रेस सारखा केला, आणि मधल्या वाटेने चालत येऊन वेदीपाशी गुडघे टेकले.

जिने आयुष्यात थेंब चाखला नव्हता, ती.

सगळं चर्च हुंदके द्यायला लागलं. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या संध्याकाळी त्रेसष्ट मुलं आली. आईचा पाठमोरा गुडघे टेकलेला फोटो पुढच्या सीडीवर छापला, आणि ती गोष्ट आमच्या गाण्यांपेक्षा जास्त फिरली.

नंतर मागच्या हॉलमध्ये आई पुडिंग वाढत होती. मी जवळ गेले. "आई..."

"वाटी पुढे कर. आणि ही लायलला दे, केळं कमी घातलंय, त्याला आवडत नाही."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दहा वर्षं.

आमच्या गावात दुष्ट कुणी नाही. सगळे आईशी अतिशय प्रेमाने वागले, तेच वाईट झालं. अकरा वर्षं दर रविवारी चर्चचं पाळणाघर आई सांभाळायची. प्रार्थना चालू असताना सगळ्या गावाची तान्ही तिच्याकडे असायची. मिस इमोजीन तिला म्हणाली, "वर्ना, तू आता जरा स्वतःकडे बघ. बाळांचं आम्ही करू." बेव्हरली म्हणून एक बाई दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायच्या. त्या आईला आग्रहाने घेऊन गेल्या. आई दोनदा गेली, नाही म्हणवेना म्हणून. कॉफी पिऊन गप्प बसून आली.

क्विंटनच्या फोननंतर मी कागद घेतला की हॅटी उठायची, हॅटी झोपली की मला झोप यायची. एका दुपारी तिला भरवता भरवता मी स्वयंपाकघरात जमिनीवरच आडवी झाले. जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं, भांडी घासलेली होती, आणि आई सोफ्यावर हॅटीला मांडीवर घेऊन तिच्या पायात मोजा चढवत होती.

"कधी आलीस?"

"झाला तासभर. घोरत होतीस बाई. हॅटी तुझ्या केसांना भोपळा लावत होती."

मी केसांना हात लावला. खरंच भोपळा होता. आणि मला बसल्या जागी रडू आलं.

"आई, क्विंटनला ती गोष्ट पुस्तकात हवीय."

"मग दे."

"ती खोटी आहे."

"मला सांगतेस? मी होते ना तिथे."

"तू का आलीस चालत?"

तिने मोजा नीट ओढला. "इमोजीनचं तोंड उघडायला लागलं होतं. ती उभी राहून म्हणाली असती, वर्ना दारूला शिवत नाही, ही पोरगी खोटं बोलतेय. सगळ्या गावासमोर. अठराची होतीस तू. तिच्याआधी काहीतरी करायला हवं होतं, दुसरं काही सुचलं नाही."

"आणि मग लोक तुला..."

"लोकांचं सोड. पाळकांनी विचारलं, पश्चात्ताप करतेस का, आणि मी हो म्हटलं. वेदीपुढे खोटं बोलले. ते सलतं मला." तिने हॅटीचा दुसरा पाय हातात घेतला. "आणि बाळं गं. माझ्याकडची बाळं काढून घेतली त्यांनी."

मला तिच्या पायांशी जाऊन बसावंसं वाटलं. पण ती म्हणाली, "रडू नकोस, पोरगी घाबरेल," आणि हॅटीला माझ्या हातात दिलं.

त्याच संध्याकाळी मी क्विंटनला सगळं सांगितलं.

"त्या दिवशी आलेल्या त्रेसष्टांतला एक आज पाळक आहे, डेलिया. त्याला मी काय सांगू?"

"मला माहीत नाही."

"प्यायलेली होती का, असं मीच विचारलं होतं ना?"

"हो."

"आणि तू खांदे उडवलेस." त्याने श्वास सोडला. "मी पुन्हा विचारायला हवं होतं. मला विचारायचं नव्हतं. साक्ष चांगली होत होती."

"मी खरं लिहिलं तर छापशील?"

"लायलशी बोलतो," तो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.

बुधवारच्या प्रार्थनेला आमच्याकडे कुणीही उठून बोलू शकतं. मी उठले. हॅटी आईच्या मांडीवर होती. मी सांगितलं, माझी आई कधीच पीत नव्हती, ती थकून झोपली होती, बाकीचं मी रचलं.

मिस इमोजीन डोळे पुसत आली आणि तिने मला मिठी मारली. "किती गुणाची पोर! आईची लाज झाकतेय."

"मी झाकत नाहीये, मिस इमोजीन."

आई उभी राहिली. "इमोजीन, ती खरं सांगतेय. मी झोपले होते. लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या."

मिस इमोजीनने तिचा हात थोपटला. "वर्ना, आम्ही तुला केव्हाच माफ केलंय गं."

पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं.

बाहेर गाडीपाशी आई आधी हसली. मग म्हणाली, "असं सगळ्यांना एकदम सांगून नाही भागणार. एकेकीकडे जावं लागेल."

तेव्हापासून हॅटीच्या झोपेच्या वेळा सांभाळून आम्ही जातोय. मिस इमोजीन म्हणाली, "पण तेव्हा तिच्या अंगाला मला स्वतःला वास आला होता." मी म्हणाले, "क्लोरीनचा. कारखान्यातला." तिने चहाचा पेला खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. "मग दहा वर्षं तुम्ही दोघी गप्प का बसलात?" आईने हॅटीला उचललं आणि आम्ही निघालो. त्यानंतरच्या घरी एका बाईंनी ऐकून घेतलं आणि वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिल्या.

आज बेव्हरलीबाईंकडे गेलो. आई हॅटीला घेऊन गाडीत थांबली, कारण हे मी एकटीने सांगावं असं मीच म्हटलं होतं. त्या दारातच ऐकत होत्या. चेहरा पांढरा होत गेला.

"म्हणजे ती आमच्यातली नव्हतीच?"

"नाही, बेव्हरलीबाई. माझी चूक आहे. मला..."

"मी तिला सगळं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाचं. त्या अपघाताचं. नवऱ्यालाही माहीत नाही ते. ती माझ्यासारखीच आहे म्हणून." आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून कुणीतरी आपलं खरं उघडं केलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी गाडीपाशी आले, आईला सांगितलं. तिने हॅटीला माझ्याकडे दिलं आणि उतरून गेली.

ती दाराला तोंड लावून काहीतरी बोलत राहिली. मला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं. बेव्हरलीबाईंनी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. त्यांनी नजर काढून घेतली, आईला आत घेतलं आणि दार बंद केलं.

त्याला आता पाऊण तास झाला. हॅटी दूध पिऊन माझ्या दंडावर झोपली आहे, आणि मी स्टिअरिंगवर वही टेकवून हे लिहितेय. क्विंटनने छापलं तर छापलं. आईला हाक मारायला मी जाणार नाही. त्या दोघींना हवा तेवढा वेळ घेऊ दे.