आखूड दारांचं घर आणि मी

मी एक जुना जॅक आहे. ट्रकचं चाक पंक्चर झालं की ज्याची आठवण येते आणि नवं चाक बसलं की ज्याला लाथेने सीटखाली सारतात, तोच मी. माझं बूड घंटेसारखं पसरट. पोटातून एक जाडजूड स्क्रू वर येतो. त्याच्या डोक्याच्या भोकात पहार घालून गोल फिरवलं की मी हळूहळू उंच होतो आणि डोक्यावर जे असेल ते माझ्याबरोबर वर येतं. माझी विद्या एवढीच. पण मित्रांनो, एवढ्याशा विद्येवर मी एकदा हत्ती उचलला आहे. हसू नका. हत्तीचं मागाहून सांगतो, आधी घराचं ऐका.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद लोखंड साच्यात ओतलं, ते निवलं आणि मी झालो. मग एका लेथवाल्याने माझ्या स्क्रूला आटे पाडले. काम संपल्यावर त्याने प्रत्येक आट्यावरून अंगठा फिरवला आणि शेजारच्याला म्हणाला, "हा सावकाश चढेल, पण घसरणार नाही." जन्मल्या जन्मल्या कुणी आपल्याबद्दल असं बोललं की ते आयुष्यभर निभवावं लागतं.

मग बरीच वर्षं मी एका ट्रकमध्ये काढली. ड्रायव्हर माझं कौतुक करायचा, मला स्वतःच्या रुमालाने पुसायचा. पुढे त्याने तेलावर चालणारा चकचकीत जॅक घेतला आणि मी भंगारात गेलो. तिथे एका फुटक्या टबाखाली मी गंजत पडलो. एक बेडूक माझ्या पोटात बिऱ्हाड करून राहिला. तो रात्रभर गायचा आणि वर मलाच विचारायचा, झोप का येत नाही म्हणून.

एके दिवशी तिथे एक बाई आल्या. त्या शहरात बस चालवायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्यांना घर उचलायला जॅक हवा होता. भंगारवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं, तर ताई शांतपणे म्हणाल्या, घरच. त्याने एक तेलाचा जॅक काढून दिला. माझ्याकडे पाहून म्हणाला, या म्हाताऱ्याला नेऊ नका, याचा जीव गेलाय. ताईंनी मला उचललं, डोक्यात पहार घातली आणि सगळ्या ताकदीने फिरवली. मी असा काही किंचाळलो की बेडूक उडी मारून जो गेला तो आजतागायत परतला नाही.

"जीव आहे," ताई म्हणाल्या आणि आम्हा दोघांना बसच्या मागच्या सीटवर बसवून घरी घेऊन गेल्या.

आता ते घर. पायापासून छपरापर्यंत लाकडाचं. फळ्यांच्या भिंती, फळ्यांची जमीन, आणि खाली चारी बाजूंना जाड तुळया, त्यांवर सगळा डोलारा. छपराची पन्हळ एका कोपऱ्यात गळायची. वर्षानुवर्षं पाणी तिथेच मुरलं, कोपऱ्यातली तुळई कुजली आणि घर त्या बाजूला कलंडलं. किती कलंडलं म्हणाल, तर कपात चहा एका काठाला टेकायचा आणि दुसरा काठ कोरडा राहायचा. ताटातला वाटाणा आपण होऊन निघायचा, टेबलावरून उतरायचा आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. तिथली मांजर जन्मभर तिरकी चालली. सपाट रस्त्यावर गेली की तिला चक्कर यायची.

घरात ताईंचे वडील राहायचे. घड्याळं दुरुस्त करणारे अप्पा. घर कलंडलंय हे सगळ्या गल्लीला दिसत होतं, फक्त अप्पांना नाही. घर खचलं की चौकट तिरकी व्हायची आणि दार अडकायचं. मग अप्पा दार काढायचे आणि रंध्याने तासून पुन्हा बसवायचे. पुढच्या वर्षी घर आणखी खचलं की आणखी तासायचे. अखेरीस एकाही दाराला काटकोन उरला नव्हता. सगळी पतंगासारखी तिरपी. तरी पुढचं दार घट्टच बसायचं, खांदा मारल्याशिवाय उघडत नसे. कुणी घराबद्दल बोललंच तर अप्पा म्हणायचे, लाकूड फुगतं, दुसरं काही नाही.

अप्पांचा मुलगा दुसऱ्या शहरात होता. त्याने निरोप धाडला होता की पावसाच्या आत घर पाडून टाका, मी येऊन अप्पांना माझ्याकडे नेतो. त्या दिवसापासून अप्पांनी घड्याळांना किल्ली देणं सोडलं. ताईंनी ते पाहिलं. भाऊ यायच्या आत कोपरा उभा करायचा, म्हणजे अप्पा इथेच राहतील, असं त्यांनी ठरवलं.

ताईंचा नवरा शिंपी. अप्पा त्यांना जावईबापू म्हणत. जावईबापूंनी उत्साहाच्या भरात आधी रंगाचा डबा आणला, आकाशी रंगाचा. ताई म्हणाल्या, "टायर बसलेलं असताना बसला रंग देतं का कुणी? आधी खाली चला." मग दोघं घराखालच्या अंधाऱ्या पोकळीत सरपटत शिरली. कोपऱ्यातला मोडका खांब काढला, जमीन ठोकून सपाट केली, तिच्यावर जाड फळी टाकली आणि फळीवर एका बाजूला मला, दुसऱ्या बाजूला तेलवाल्याला उभं केलं.

कामाची रीत अशी होती. ताई संध्याकाळी कामावरून आल्या की माझा पाव फेरा फिरवायच्या. जास्त नाही. घराची हाडं जुनी, एकदम उचललं तर मोडतील. घर करकरायचं, अंग सैल करायचं. तेवढ्यात जावईबापू तुळईखाली लाकडी ठोकळे रचायचे आणि वरची फट पाचरींनी ठोकून बंद करायचे, म्हणजे आम्ही जॅक दमलो तरी ओझं ठोकळ्यांवर राहील. मग शिंप्याच्या टेपने उंची मोजायची आणि हात धुवायचे.

पण गंमत झाली. रोज घर वर जायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी टेप लावली की होतं तिथेच असायचं. ताईंनी फळी तपासली, जमीन तपासली. जावईबापू म्हणाले, हा तेलाचा मेला गळतो, याच्यामुळे घर बसतं. बिचारा तेलवाला. आमचं पटत नव्हतं, पण त्या वेळी तो निर्दोष होता. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मित्रांनो, जॅकला तोंड नसतं याचं मला त्या दिवसांत फार वाईट वाटलं.

रोज दुपारी ताई बसवर असत, जावईबापू पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर. तेव्हा अप्पा हळूच खाली यायचे. दातात टॉर्च, हातात घड्याळजीची चिमुकली हातोडी. टिक टिक करत पाचरी सैल करायचे, मला पाव फेरा उलटा फिरवायचे, तेलवाल्याची चावी किंचित उघडून त्यालाही खाली घ्यायचे आणि पाचरी जशाच्या तशा ठोकून वर जायचे. मग त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज यायचा. दार लागलं की ते समाधानाने खाकरायचे.

एका दुपारी तेलवाल्याची चावी जरा जास्तच उघडली. भसकन तेल उडालं आणि तो मटकन खाली बसला. ठोकळ्यांच्या पाचरी काढलेल्या. सगळा कोपरा हबकला आणि एकट्या माझ्या डोक्यावर आला.

आता इथे मी थोडं वाढवून सांगणार, ते चालवून घ्या. मला वाटलं, घर, छप्पर, अप्पांची सगळी घड्याळं, तिरकी मांजर आणि वर पसरलेलं आभाळ, सगळं माझ्याच टाळक्यावर ठेवलंय. स्क्रू कण्हला. बुडाखालची फळी कुरकुरली. पण लेथवाल्याने अंगठा फिरवलेला एकही आटा घसरला नाही. अप्पांच्या हातापायांना खरचटलंदेखील नाही. फक्त त्यांच्या शर्टाचा घोळ तुळई आणि ठोकळ्यांच्या मध्ये सापडला.

लाजेने त्यांना हाक मारवेना. त्यांनी हातोडीने वरच्या फळीवर टकटक केलं. मशीन थांबलं. जावईबापू धावत आले, सरपटत आत शिरले. आधी त्यांनी चटकन ठोकळ्यावर ठोकळा सारला, पाचर ठोकली, घर पक्कं धरलं. मग शांतपणे विचारलं, "शर्ट कुठला आहे अप्पा?"

"तुम्हीच शिवलेला."

"मग कापायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी खिशातली कात्री काढली आणि अप्पांना अर्ध्या शर्टानिशी बाहेर ओढलं.

संध्याकाळी ताई आल्या. अप्पांनी स्वतःच सगळं सांगितलं. ताई रागावल्या नाहीत.

"का केलंत अप्पा?"

"घर सरळ झालं तर माझं एकही दार लागायचं नाही गं. मी एकेक दार या घराच्या मापाने बेतलं. तुझी आई म्हणायची, कुठेही फट नाही बघ. आता सगळीकडे फटी पडतील. मग इतकी वर्षं मी केलं काय?"

म्हणजे घर कलंडलंय हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. जावईबापू म्हणाले, "अप्पा, पोरगं उंच झालं म्हणून त्याचे पाय कापत नाहीत. पँटला खालून पट्टी लावतात. दारांनाही लावू."

"पट्टी दिसेल," अप्पा म्हणाले.

"दिसू दे की. अंग वाढल्याची खूण असते ती."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा उघडपणे खाली येऊ लागले. तेलवाल्याला भंगारात परत पाठवून ताईंनी माझ्यासारखाच एक आट्यांचा जॅक आणला. आम्ही दोघांनी पाव पाव फेऱ्याने घर वर नेलं. कुजलेली तुळई कापली. खड्डा खणून काँक्रीटचा नवा पाया भरला, त्याला पुरेसे दिवस पाणी पाजलं, मग नवी तुळई चढवली. पन्हळही बदलली. शेवटी मला उलटं फिरवायची वेळ आली, तेव्हा ताईंनी पहार अप्पांच्या हातात दिली. उलटं फिरवायचा सराव त्यांनाच जास्त होता. घर इतकं अलगद टेकलं की आत एकही घड्याळ हललं नाही.

कापलेल्या तुळईचं एक टोक अजून टणक होतं. त्याच्याच निमुळत्या पट्ट्या अप्पांनी काढल्या आणि एकेका दाराला, कुठे वर तर कुठे खाली, जोडल्या. काळपट पट्ट्या, आकाशी दारं. सगळ्या घड्याळांना पुन्हा किल्ली मिळाली.

मग भाऊ आला, अप्पांची बॅग भरायला. आल्या आल्या लहानपणच्या सवयीने त्याने पुढच्या दाराला खांदा मारला. दार बोटाने उघडलं असतं. तो थेट आत, अप्पांच्या पायांपाशी लोळण घेत आला.

"हळू रे," अप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले. "घर सरळ आहे आता."

बॅगेचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी अजून तिथेच आहे, मित्रांनो. अप्पांच्या खोलीचं दार आता इतकं हलकं झालंय की वाऱ्याने आपटतं, म्हणून ते अडवायला मला दारापाशी ठेवलंय. घर उचलणारा मी आता दार राखतो. कमीपणा वाटत नाही. रविवारी अप्पा घड्याळाच्या तेलाचे थेंब माझ्या आट्यांत सोडतात आणि अंगठा फिरवून बघतात, अगदी त्या लेथवाल्यासारखा.

तुम्हाला एवढीच विनंती. दार अडकलं तर रंधा घ्यायच्या आधी एकदा घराखाली वाकून बघा. आणि भंगारात एखादा गंजका म्हातारा दिसला, तर त्याच्या डोक्यात पहार घालून एक फेरा फिरवून बघा. किंचाळला तर घरी न्या.

हो, हत्ती राहिला. सर्कशीच्या ट्रकवर रंगवलेला होता. पण ट्रकसकट उचलला, म्हणजे उचललाच की.