मिस ओपलची सातवी फेरी

शुक्रवारी सकाळी वृद्धाश्रमाची मदतनीस रोनेल भिंतीवरची यादी वाचत थांबली, रोज कुणाकुणाला चालवायचं त्याची. मिस ओपलच्या नावापुढे सलग सहा दिवस रोनेलच्याच अक्षरात एकच शेरा होता, 'नको म्हणाल्या.'

मिस ओपल कधीच नको म्हणाल्या नव्हत्या. त्यांना चालवायला दोन माणसं लागत आणि बावीस म्हाताऱ्यांच्या त्या मजल्यावर रोनेल एकटी! 'माणूस नव्हतं' असं लिहायला कागदावर रकानाच नव्हता, म्हणून सगळ्याच मदतनीस तसं लिहून मोकळ्या होत. पण आज सातवा दिवस, आणि सातव्या शेऱ्याला यादीतून नाव कटायचं. मग कायमची चाकाची खुर्ची.

तिनं ओपलच्या खोलीत जाऊन त्यांना सगळं सांगून टाकलं.

"नको म्हणाले? मी?" ओपल ताडकन उठून बसल्या. एकतीस वर्षं शाळेची बस हाकलेली बाई! "अगं पोरी, दुसरं लग्न सोडलं तर आयुष्यात कशाला नको म्हटलं नाही मी. आण माझे बूट!"

"पण दुसरं माणूस कुठून आणू?"

तेवढ्यात व्यवस्थापक प्रुइट यादी न्यायला आले. कडक इस्त्री, गळ्यात टाय.

रोनेलच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. "साहेब, तुम्ही पूर्वी याच मजल्यावर मदतनीस होतात ना? त्या कामाचा परवाना अजून चालू आहे?"

"आहे, पण बाराला माझी मीटिंग—"

"वीस मिनिटं आहेत अजून," ओपल म्हणाल्या. "पट्टा धर, बाळा."

दोघांनी ओपलच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधून तो दोन्हीकडून धरला. ओपल डगमगल्या, पण पाऊल पडलं! दुसरं पडलं. दहावं पडलं. जेवणघरातून तळलेल्या माशाचा वास येत होता. इतक्यात चार नंबरच्या खोलीच्या दारावरचा मदतीला बोलावणारा दिवा पेटला, मग नऊचा, मग अकराचा.

"तिकडे कोण बघणार?" प्रुइटना घाम फुटला.

"कोणी नाही, साहेब. हात सोडला तर या पडतील."

"रोजच असं?"

"आज तर तीनच दिवे आहेत!"

तिघं जेवणघराच्या दारात पोचताच आत बसलेले म्हातारे मिस्टर लूशस टेबलावर चमचा बडवू लागले. "बस आली रे, बस आली!" मग सगळेच बडवू लागले. रोनेलचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

ओपल धापा टाकत खुर्चीत टेकल्या. "परतही चालतच जाणार मी. उद्याही. कोण येतंय?"

प्रुइटनी टाय सैल केला, फोन लावला. "मीटिंग या मजल्यावर घेऊ. हो, इथेच. आणि उद्यापासून सकाळी इथे दुसरं माणूस पाहिजे. नसेल तर मी आहे." फोन खिशात टाकून ते रोनेलकडे वळले. "चार नंबर माझा."

"नऊ माझा!" म्हणत रोनेल धावत सुटली.