आधी हवा

"गाडीला काही झालेलं नाही, बाई. झालंय ते तुमच्या पायाला."

मिस्त्री हे बोलले तेव्हा लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यांच्या कानाला टेकलेली होती आणि टोक इंजिनवर. गल्लीत त्यांचा हा कान प्रसिद्ध होता. शेजारचा पंक्चरवाला सांगायचा, मिस्त्रींकडे गाडी आणायचीच कशाला? गल्लीच्या तोंडाशी उभी करून नुसता हॉर्न वाजवा, ते घरात जेवता जेवता आजार सांगतील.

शाळेची व्हॅन चालवणारी बाई सीटवरून खाली उतरली. पोरांना गोळा करायची शिट्टी तिच्या गळ्यात होती.

"अहो, पण चढाला लागली की नुसती धापा टाकते. काल भर चौकात बंद पडली. मागून सोळा पोरं 'ढकलू का, ढकलू का' करत होती."

"इथे तर बरी उभी आहे की. जरा थरथरते, पण त्याला वय म्हणतात. माझेही हात थरथरतात सकाळी." मिस्त्रींनी काढलेला प्लग तिच्या नाकासमोर धरला. "हे बघा. चुलीतून काढल्यासारखा काळा. मागच्या खेपेला पुसून दिले होते ना? म्हणजे पेट्रोल नुसतं ओतताय. चोक ओढून ठेवता, क्लचवर पाय ठेवून बसता. पाय हळू उचलायचा. अंड्यावरून उचलतोय असा."

"अकरा वर्षं चालवतेय मी, मिस्त्री."

"अकरा वर्षं चुकीचंही चालवता येतं."

पंक्चरवाला हसला. हवा भरायला थांबलेले दोघे हसले. बाईही हसली, पण जरा उशिरा, आणि ते हसू ओठांवरच राहिलं. "बरं," ती म्हणाली, "हळू उचलते."

आठ दिवसांनी सकाळची पोरं शाळेत सोडून ती परत आली. गाडी लावली, किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली. शिट्टी आज गळ्यात नव्हती, आरशाला लटकत होती.

"शाळा सुटायच्या आत द्या म्हणजे झालं. दिरांच्या हातात देताना तरी नीट असावी."

"दीर चालवणार?"

"पुढच्या महिन्यापासून. तुमचं खरं होतं. रोज पहाटे मैदानावर जाऊन पाय उचलायचा सराव करते, पण नाही जमत. काल परत बंद पडली. पोरांच्या आयांनाही सांगून टाकलं, चूक माझीच आहे म्हणून. तिघींनी मुलं काढून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? दुसऱ्याची लेकरं, जोखीम कशाला घ्यायची."

हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगून निघून गेली.

मिस्त्रींनी प्लग काढले. तिसऱ्यांदा काळे.

इंजिन अडखळलं की आधी हवा बघायची, मग पेट्रोल, मग ठिणगी. हा पाढा मिस्त्री येईल त्याला म्हणून दाखवत. या गाडीला मात्र त्यांनी आधी ठिणगी पाहिली, मग पेट्रोल पाहिलं, आणि मग थेट बाईचा पाय. हवा पाहिलीच नव्हती. हवेचा फिल्टर महिन्यापूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी त्यांनी स्वतःच्या हातांनी नवा घातला होता. जिथे आपला हात फिरला तिथे आणखी काय बघायचं?

त्यांनी फिल्टरचा डबा उघडला. तिथून कार्बुरेटरकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीची क्लिप सोडली आणि नळीच्या वाकणात दोन बोटं घातली. बोटांना काहीतरी मऊ लागलं.

ओढलं तसं ते आलं. आधी एक बाही, मग पिवळं बदक, मग दुसरं बदक. बाळाचं झबलं.

कार्बुरेटर खोलला की नळीच्या तोंडात फडकं कोंबतात, नट-बिट आत पडू नये म्हणून. आणि सगळं परत बसवताना ते काढतात. हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊलाही सांगावं लागत नाही. गाडी इथे उभी असताना झबलं वाकणात गपगार पडून राहायचं, नुसती थरथर व्हायची. चढाला इंजिनाने मोठा श्वास घेतला की ते ओढलं जाऊन कार्बुरेटरच्या तोंडावर बसायचं आणि हवा कोंडायची. त्या थरथरीला मिस्त्रींच्या प्रसिद्ध कानाने वय ठरवलं होतं.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पंक्चरवाला टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. मिस्त्रींनी झबलं खिशात कोंबलं. गाडी चालू केली, तर चालू झालीय की नाही हे हात लावून बघावं लागावं इतकी शांत.

"सापडला वाटतं आजार!" पंक्चरवाला ओरडला. "काय होतं?"

"कचरा. नळीत."

दुपारी बाई आली तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं.

"कचरा? माझ्या हातून गेला असेल का?"

"कुठूनही जातो."

"आणि पाय?"

"पाय हळूच उचलत जा," मिस्त्री म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला. कान खरंच तिखट होता.

घरी जेवायला बसण्याआधी त्यांनी नातीला घ्यायला हात पुढे केले, तर लेकीने तिला मागे ओढलं. "बाबा, आधी तो शर्ट काढा. पेट्रोलचा केवढा वास येतोय!" शर्ट धुवायला टाकताना तिने खिसा चाचपला. "अगोबाई, हे बदकांचं! मीच दिलं होतं ना, तुम्हाला मऊ फडकं हवं होतं म्हणून? याची काय दशा करून ठेवलीत!"

मिस्त्रींनी भात कालवत कालवत सगळं सांगितलं. मधे मधे थांबले, पण सांगितलं.

"मग बाईंना सांगितलंत?"

"गाडी दिली ना नीट करून."

"ते नाही विचारलं मी."

बाळ कुरकुरलं. लेक त्याच्या अंगात नवं झबलं घालत होती. बाहीतून चिमुकला हात बाहेर काढता काढता, मान खालीच ठेवून ती म्हणाली, "मी स्कूटर का सोडली, माहितीय तुम्हाला?"

"तुला भीती वाटायची."

"नव्हती वाटत. तुम्ही गॅरेजात सगळ्यांसमोर म्हणालात, हिचा हात जड आहे, हिला नाही जमायचं. मग वाटायला लागली."

तिने झबल्याचे बंद बांधले, बाळाचा मुका घेतला आणि त्यांच्यासमोर पाणी आणून ठेवलं.

भात ताटातच राहिला.

शाळा सुटायची वेळ झाली होती, फाटकाशी आयांची गर्दी होती. बाई व्हॅनजवळ जरा बाजूला उभी होती, बोलावल्याशिवाय कुणाजवळ जायचं नाही असं ठरवल्यासारखी. मिस्त्री चालत आले होते, धापा टाकत. काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी फक्त झबलं काढून बॉनेटवर पसरलं.

"कचरा नव्हता, बाई. हे होतं. सर्व्हिसिंगला मीच कोंबलं आणि काढायचं विसरलो. महिनाभर तुमच्या गाडीचं नाक मी दाबून धरलं होतं."

आया जवळ आल्या. एकीने विचारलं, "म्हणजे यांचं चालवणं?"

"यांच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. असल्या गाडीने यांनी महिनाभर तुमची पोरं चढावर नेली. मी असतो तर पोरांसकट मागे घसरत आलो असतो." ते बाईकडे वळले. "त्या दिवशी चार माणसांत बोललो होतो. म्हणून आज इथे बोलतोय."

दप्तर पाठीला लावलेली एक चिमुरडी आईच्या आडून वाकून बघत होती. "गाडीत बाळ होतं?"

कुणीतरी हसलं. बाई हसली नाही. बदकांवरून तिने एकदा बोट फिरवलं, बोट काळं झालं.

"आठ दिवस पहाटे चारला उठत होते मी, मिस्त्री."

"हो," मिस्त्री म्हणाले.

तिने आरशाची शिट्टी काढून वाजवली. पोरं धावत आली, खिडकीसाठी भांडली, दार बंद झालं. काढून घेतलेल्यांपैकी एक मुलगा आईचा हात ओढत होता. आईने क्षणभर विचार केला आणि हात सोडला.

गाडी निघाली. सवयीने मिस्त्रींची मान कलली, कान पुढे झाला. इंजिन स्वच्छ होतं, एकही ठोका चुकत नव्हता. पण क्लच हळू सुटत होता. हळू, अजून हळू. अंड्यावरून उचलावा तसा.

फाटकापाशी दुसरा गिअर पडायला हवा होता. मिस्त्री झबलं हातात घेऊन ऐकत उभे राहिले. तो पडला, पण कोपऱ्याच्याही बराच पुढे, गाडी दिसेनाशी झाल्यावर.