पेन्सिलीखालचा चेहरा

"आजी, काही काळजी करू नका. डाग, ओरखडे, सगळं मशीनच काढून टाकतं," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिनं माझ्या हातातल्या पाकिटासाठी हात पुढे केला.

मी पाकीट सोडलं नाही. "सगळं म्हणजे कुठलं कुठलं?"

"सगळंच. चेहऱ्यावरचंसुद्धा. अगदी नवा फोटो करून देतो."

"मला नवा नकोय गं. नवा मी पूर्वीच करून ठेवलाय."

तिला काही कळलं नाही. सून माझ्या कोपराला धरून म्हणाली, "आई, विचार करून येऊ आपण." म्हणजे चला आता.

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देणारं हे दुसरं दुकान. पहिल्यानं नमुना म्हणून सासऱ्यांची एक निगेटिव्ह तिथल्या तिथे करून दिली होती. ती हातात घेऊन सून म्हणाली, "आजोबा डावखुरे होते का?" घड्याळ उजव्या मनगटावर, भांग उलट्या बाजूला. त्यांनी निगेटिव्ह पालथी ठेवली होती. मुलाचं म्हणणं तिसरंच होतं. मोठ्या कंपनीला पार्सल करून टाक, महिन्याभरात सगळं फोनवर येईल. मी म्हटलं, "पार्सल हरवलं तर तुझा बाप कुठल्या कंपनीत शोधू?"

कारण ह्यांची धड अशी एकच निगेटिव्ह आहे. आमचा फोटो स्टुडिओ होता. हे सगळ्यांचे फोटो काढायचे, ह्यांचे कोण काढणार? लग्नकार्यातल्या फोटोंतसुद्धा हे नाहीत, कारण कॅमेऱ्यामागे हेच उभे.

फोटो हे काढायचे आणि रिटचिंग मी करायची. मागून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिल धरावी म्हणून तिच्यावर रोगणाचा पातळ हात द्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल चालवायची. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार. चेहऱ्यावरची काळी रेघ तिथे पारदर्शक दिसते. ती हलकेच भरली की फोटोतून नाहीशी. अशा मी गावभरच्या लोकांच्या देवीच्या वणांपासून सुरकुत्यांपर्यंत सगळं पुसलं. लोक म्हणायचे, वा, तुमच्या मिस्टरांच्या हातात जादू आहे. हे माझ्याकडे बघून हसायचे.

ह्यांच्या डाव्या भुवईवर खूण होती. स्टँडचा स्क्रू निसटून कॅमेरा तोंडावर आला होता. कुणी विचारलं की म्हणायचे, "मी कॅमेऱ्यानं इतक्यांचे फोटो काढले, कॅमेऱ्यानं माझा काढलेला हा एकच." पण स्वतःचा फोटो दुकानाच्या काचेत लावायची वेळ आली तेव्हा मला म्हणाले, "खूण काढ. गिऱ्हाईक म्हणेल, ह्याला स्वतःचंच थोबाड नीट करता येत नाही, आमचं काय करणार?"

मी काढली. तो फोटो दुकान बंद झाल्यावर घरात आला आणि हे गेल्यावर भिंतीवर गेला. गुळगुळीत, तुकतुकीत. हल्ली मी डोळे मिटले तरी तोच दिसतो. खूण भुवईला छेदून जात होती की तिच्या वर होती, हेसुद्धा खात्रीनं आठवेनासं झालं. माणूस गेला ते गेलाच; आता त्याच्या जागी माझ्या पेन्सिलीतला कुणीतरी येऊन बसला होता.

तिसरा माणूस सुनेच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितला. जिन्याखालची एक खोली, दारावर पाटीसुद्धा नाही. पन्नाशीचा गृहस्थ, कोपरावर विरलेला स्वेटर. त्यानं आधी हात धुतले, पुसले, हातमोजे घातले. निगेटिव्ह कडेनं धरून उजेडासमोर नुसती सरळ नाही, तिरकी केली. बराच वेळ बघितली.

"मावशी, ह्यावर पेन्सिल आहे. राहू द्यायची की काढायची?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी खुर्ची ओढून बसले. पुढे काही विचारायचं उरलं नव्हतं.

"कुणी केलंय हे?" त्यानं विचारलं.

"मी."

"बरं." एवढंच म्हणाला. मला ते आवडलं.

मग त्यानं नीट समजावलं. "आधी आहे तशी स्कॅन करून ठेवतो. मग टर्पेंटाईननं पुसू. पण फिल्म जुनी आहे, खालचा थर सुटला तर चेहराच जाईल. आणि पेन्सिल एकदा गेली की गेली. घाई नाही, घरी विचारून या."

"आई, खरंच राहू दे ना," सून म्हणाली. "किती छान दिसतात बाबा त्यात."

"छान दिसतात ते मीच केलंय, मला काय सांगतेस."

"म्हणून तर म्हणते."

तिनं त्यांना पाहिलेलंच नव्हतं. तिला भिंतीवरचेच बाबा ठाऊक.

"पुसू या," मी म्हटलं. "पण मी पुसते. माझा हात मला माहीत आहे."

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह काचेवर ठेवली, कापसाचा बोळा भिजवून, पिळून माझ्या हातात दिला आणि भिंग पुढे सरकवलं. हात थरथरतो हल्ली. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरते. मनगट टेबलावर टेकवलं तशी थरथर थांबली. भुवईपासून सुरुवात केली. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. थर सुटला नाही.

त्यानं परत स्कॅन केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

खूण तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी होती. मी मनात तिला बोटभर लांब करून ठेवली होती. भुवईच्या जरा वर, बाहेरच्या टोकाला. हो, तिथेच. पण माझं लक्ष तिच्यावर राहिलं नाही. डोळ्यांखाली काळ्या खोबणी होत्या, ओठांच्या कडेला ओढल्यासारखी रेघ. त्याही मीच भरल्या होत्या. कामाच्या सवयीनं भरल्या असणार, मला आठवतही नव्हत्या.

"किती दमलेले दिसतात," सून हळूच म्हणाली.

"दिवसभर लोकांना हसा, हसा म्हणत उभं राहायचं. दमणारच की."

ती पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "नाक ह्यांच्यासारखं आहे. आधी कधी वाटलं नव्हतं." ह्यांच्या म्हणजे माझ्या मुलासारखं. नाकाला मी काही केलं नव्हतं.

"मग भिंतीवर कुठला लावायचा, आई?"

"आहे तोच राहू दे. चारचौघांत त्यांना तसंच दिसायचं होतं. हा लहान करून घेऊ मला, उशीजवळ ठेवायला. बाकीच्या निगेटिव्ह उद्या इथेच आणून देऊ."

गृहस्थानं मान डोलावली आणि टेबल आवरायला घेतलं. कापसाचा बोळा उचलून टोपलीत टाकायला निघाला.

"तो द्या इकडे," मी म्हटलं.

त्यानं दिला. बोळ्यावर करडा डाग होता, डोळ्यांत काजळ घालून बोट पुसावं तेवढाच. निगेटिव्हच्या रिकाम्या पाकिटात तो मावला. मी पाकिटाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.