समुद्राने सोडलेले घर

जावई ओसरीवर बसून आपल्या नोकरीच्या गावाची जितकी तारीफ करी, तितका केशरबाईंचा जीव खाली खाली जाई.

बन्सीधर मूळ बोरीचा, घरचा शेतकरी. निझामी अमलात उर्दू शिकलेला, हैदराबादेत राहून तेलगूही उचललेली. मुलूख हिंदुस्थानात सामील झाला आणि दोन-तीन वर्षांत त्याला पार पूर्वेच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणच्या बंदरात काम लागलं. आता तिथं खोली घेऊन तो बायकोला, कमलला, न्यायला सासुरवाडीला ताडकळसला आला होता. आळीतल्या बायका दाराआड बसून ऐकत, आणि सासूला, आत्याबाईंना, सांगायला त्याला भलताच हुरूप येई.

"डोंगर कसा म्हणता, आत्याबाई? तहानलेला बैल मान खाली घालून पाण्याला लागावा ना, तसा थेट समुद्रात उतरलाय. त्याच्या पायथ्याला गाव. बंदराशेजारी तीन टेकड्या. एकीवर बालाजी, एकीवर दर्गा, एकीवर गिरजाघर. तिन्हींच्या खालून जहाजं आत शिरत्यात. भोंगा असा देत्यात की छातीत घुमतंय."

"आन् समुद्र?" शेजारच्या धुरपदाबाईंनी विचारलं. "गोदामायच्या पुरावाणी असंल?"

"गोदामायला पलीकडचा काठ असतो, मावशी. ह्याला काठच न्हाई. संध्याकाळी सगळं गाव वाळूवर फिरायला येतं. लाट येती, पाय धुती, मागं जाती."

"ऐकलंस का कमळे? तिथं समुद्रच तुझ्या पाया पडायलाय म्हणं! इथं आमची सून अजून धड वाकंना," धुरपदाबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. कमल तर पदर तोंडाला लावून हसली. तिच्या डोळ्यांत ते गाव कधीच येऊन बसलं होतं. केशरबाई तेवढ्या उठून चुलीकडे गेल्या.

डोंगर, समुद्र, जहाजं, उंचावरचं देऊळ. हे सगळं त्यांनी आधी ऐकलेलं होतं. त्यांनी जग पाहिलं ते कीर्तनात. काशी तिथंच पाहिली, लंका तिथंच पाहिली. आणि समुद्राकाठी डोंगराखाली वसलेलं एकच शहर त्यांना ठाऊक होतं. माथ्याशी रैवतक डोंगर, पायाशी समुद्र, अशी सोन्याची द्वारका. ती बुडाली होती.

म्हणून त्यांची टाळाटाळ चालली होती. निरोप आला तेव्हा म्हणाल्या, आखाडात लेक धाडत न्हाईत. मग म्हणाल्या, पंचमी माहेरची. आता जावई स्वतः येऊन बसले, तर म्हणाल्या, गोकुळाष्टमीचा उत्सव होऊ द्या.

बन्सीधर अदबीनं बोलला, पण बोलला. "आत्याबाई, काल्याच्या दुसऱ्या दिवशी मला पूर्णेला गाडी धरायलाच पायजे. रजा संपायली. पुन्हा रजा कधी मिळंल, सांगता येत न्हाई. धाडायचं नसंल तर तसं म्हणा."

रात्रीच्या भाकरी थापताना कमलनं विचारलं, "माय, तुझ्या मनात काय हाय? सांग की."

केशरबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. सवाष्ण लेक परगावी निघालेली. तिच्यासमोर बुडण्याचा शब्द तोंडातून काढायचा तरी कसा? "काई न्हाई," त्या म्हणाल्या. "धूर लागायलाय डोळ्याला."

उत्सवाला दरसाल बोरीचे राधाकिशनबुवा येत. तिसऱ्या प्रहरी देवळात कीर्तन उभं राही आणि उजव्या हाताच्या खांबाला टेकून केशरबाई बसत. ती जागा दुसरं कुणी धरत नसे. कीर्तनातून अर्ध्यात उठायचं नाही, हा त्यांचा नेम. दूध उतू जावो, पाहुणा दारात थांबो, त्या उठत नसत. आयुष्यात एकदाच उठल्या होत्या. कमल तान्ही होती, मांडीवर तापानं फणफणली होती. बुवा त्या साली माघातही आले होते आणि द्वारकेच्या शेवटाची कथा सांगत होते. समुद्र चढत चढत वेशीपाशी आला, आणि इकडे पोरीनं डोळे फिरवले. केशरबाई तिला उराशी धरून धावत घरी गेल्या. पोर वाचली. कथा मात्र तिथंच राहिली, आणि ते चढतं पाणी तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं.

अष्टमीच्या दिवशी पूर्वरंग संपला. बुवांच्या गळ्यात हार पडला, पेटीवाल्यानं भाता सैल सोडला, बुक्क्याचं ताट फिरू लागलं. उत्तररंगात सुदाम्याची कथा लागायची होती. केशरबाई बुक्का लावून घ्यायला पुढे गेल्या आणि वाकल्या त्या वाकूनच राहिल्या.

"महाराज, एक विचारू? द्वारकेवर पाणी आल्यावर... पुढं काय झालं?"

बुवांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "त्या साली उठून गेलीस ती. तुझा खांब रिकामा झाला, आन् माझा सूर ढळला होता. आज का आठवली गं माय?"

"कमळीला नवरा न्यायलाय. समुद्रावर. डोंगराखाली."

बुवा पेटीवाल्याकडे वळले. झांजा उचलून उभे राहिले.

"मंडळी, आज सुदाम्याला जरा वाटेतच बसवू. त्याचे पोहे काई मऊ पडत न्हाईत! एक कथा माझ्याकडून इथं अर्धी राहिली हाय. अर्धी कथा घेऊन माणूस घरी गेलं, तर तो दोष सांगणाराचा."

देवाच्या जन्माच्या उत्सवात ही कथा लावत नाहीत. धुरपदाबाई चुळबुळल्या. बुवा मात्र हळू आवाजात सांगू लागले. देवानं आधी लेकरंबाळं, बाया, म्हातारी माणसं गावाबाहेर काढली. जी उरली ती अर्जुनाच्या हवाली झाली. मागं कुणी राहिलं नाही, तेव्हा समुद्राला वाट मिळाली. त्यानं वेस घेतली, बाजार घेतला, वाडे घेतले, आणि येता येता तो देवाच्या घरापाशी आला.

बुवांनी हात वर केला. पेटी थांबली.

"आला, आन् थबकला. उंबऱ्याला लाट लागली, मागं फिरली. सगळी द्वारका घेतली त्यानं, पण देवाचं घर तेवढं सोडलं. जिथं देव राहायला असतो ना, माय, तिथं समुद्र पाय धुवायला येतो. न्यायला येत न्हाई."

केशरबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. लाट येती, पाय धुती, मागं जाती. जावई दुसरं काय सांगत होते? त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

घरी येताच त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "जावईबापू, तुमच्या तिथल्या खोलीत देव हायत का?"

बन्सीधर गडबडला. "हायत की. म्हंजे... भिंतीला बालाजीचं कॅलेंडर हाय."

"कॅलेंडर भिजतंय."

"माय, लग्नातला बाळकृष्ण बोरीला हाय, सासूबाईंच्या देव्हाऱ्यात," कमल म्हणाली. "तिथून हलवायचा कसा?"

"हलवू नगंस. बसला तिथं बसू दे."

काल्याचा दिवस दह्यालाह्यांत गेला. दुसऱ्या सकाळी बैलगाडी दारात उभी राहिली तेव्हा केशरबाई भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यापाशी, देवळीपाशी होत्या. त्यांनी आपला रांगता बाळकृष्ण उचलला. त्यांच्या स्वतःच्या आईनं दिलेला, रोजच्या न्हाणानं नाक झिजून गेलेला. नवरा गेल्यापासून घरात बोलायला तेवढाच होता. त्याला जुन्या खणात गुंडाळून त्यांनी कमलच्या ओटीत ठेवला.

"ह्याला उंबऱ्याकडं तोंड करून बसव. रोज न्हाऊ घाल. लोणी मिळालं न्हाई तर साखर चालती, लय हट्टी न्हाई त्यो."

कमल रडू लागली. "माय, मग तुझ्याजवळ काय राहिलं?"

"आपल्याकडं कुठं समुद्र हाय?" केशरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी लेकीला गाडीत बसवलं.

गाडी वेशीबाहेर जाईतो त्या उभ्या होत्या. मग घरात आल्या, हातपाय धुतले, डब्यातली एक सुपारी शोधून काढली. ताम्हनात तिला न्हाऊ घातलं, गंध लावलं, तुळशीचं पान वाहिलं आणि रिकाम्या देवळीत तांदळावर ठेवली. ती जरा कलली. त्यांनी बोटानं सरळ केली.

"बस आता नीट," त्या सुपारीला म्हणाल्या. "पोरीकडं लक्ष ठिवायला थोरला गेलाय. माझं तुझ्यावर भागतंय."